फाइल अडली म्हणून कुलूप काढू नका

संपादक महोदय,

पावसाळ्यात गोव्यात लाइट जाणे ही काही बातमी नव्हे. ती परत आल्यावर तासा-दोन तासांनी जे सुरू होते, त्याविषयी हे पत्र. फोंड्याच्या सीएच्या कार्यालयातला डेटा घरच्या संगणकावर उतरत नाही, डिचोलीच्या सर्वेअरचा नकाशांचा फोल्डर मडगावच्या शाखेत अर्धाच दिसतो, म्हापशाच्या स्टुडिओची लग्नाची व्हिडिओ फाइल नव्वद टक्क्यांवर बसून राहते. मग कोणीतरी जाणकार येतो. तो फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी भिंत) बंद करतो, फोल्डरला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’, म्हणजे सर्वांना सर्व अधिकार, देतो, एसएमबी-१ ही नेटवर्कवर फाइली वाटण्याची जुनी पद्धत चालू करतो, पासवर्ड काढून टाकतो. कधी कधी काम चालूही होते, बहुधा त्या गडबडीत संगणक एकदा रीस्टार्ट झाला म्हणून. कुलूप मात्र उघडे राहते ते राहतेच. अडलेल्या फाइलचे कारण कुलपात क्वचितच सापडते. ते पत्त्यात असते, घड्याळात असते, नावात असते, किंवा फाइल दुसऱ्याने उघडून ठेवलेली असते.

आधी पत्ता. लाइट जाऊन आली की कोणाला कोणता पत्ता दिला होता हे विसरणारे स्वस्त राउटर कमी नाहीत. काल १९२.१६८.१.१० या पत्त्यावर कार्यालयाचा सर्व्हर होता, आज तिथे प्रिंटर असू शकतो. एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करून, फाइल पाठवणाऱ्याने पडद्यावरचे इंग्रजी वाक्य नीट वाचले तर निम्मे निदान तिथेच होते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे त्या पत्त्यावर कोणीतरी जागे आहे, पण ही सेवा तिथे चालू नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे उत्तरच आले नाही: यंत्र बंद आहे, पत्ता चुकला आहे किंवा मधली फायरवॉल गप्प बसवते आहे. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे दारापर्यंत पोचलात, किल्ली लागली नाही. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत आणि फायरवॉल सहसा फक्त एकीत संशयित आहे, तरी बंद होते ती नेहमी तीच. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) पानावर सर्व्हरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) नोंदवून त्याला कायमचा एक पत्ता राखून ठेवायला पाच मिनिटे लागतात, पैसे लागत नाहीत.

याच गोंधळातून एसएसएचचा तो मोठा भीतिदायक इशारा येतो, ‘समोरच्या यंत्राची ओळख बदलली आहे’. पत्ता दुसऱ्या संगणकाकडे गेला असेल किंवा सर्व्हरवर यंत्रणा नव्याने बसवली असेल, तर हा इशारा येणे रास्तच आहे. कोणी मध्ये बसून सोंग घेत असेल तरीही अगदी हाच इशारा येतो. म्हणून ओळख तपासणेच बंद करून टाकणारी ओळ सेटिंगमध्ये घालणे हा उपाय नव्हे. सर्व्हरसमोर बसलेल्या माणसाला एसएसएच-कीजेन या आज्ञेने त्याच्या सार्वजनिक किल्लीचा ठसा (तिची ओळख सांगणारी अक्षरांची ओळ) काढायला सांगावा, तो फोनवर वाचून घ्यावा, इकडच्या पडद्यावर दिसणाऱ्या ठशाशी अक्षरन् अक्षर जुळवावा. जुळला तरच ‘नोन होस्ट्स’ या ओळखीच्या यंत्रांच्या फाइलीतली त्या एकाच पत्त्याची जुनी नोंद काढावी. अख्खी फाइल पुसू नये, नाहीतर बाकीच्या सगळ्या यंत्रांची ओळखही गेली.

घड्याळाकडे कोणी पाहतच नाही. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा बटणसेल असतो. तो संपला की लाइट गेल्यावर संगणक कुठल्या तरी जुन्या तारखेवर जाऊन बसतो. मग सुरक्षित जोडणी ‘प्रमाणपत्र अजून वैध झालेले नाही’ म्हणून नकार देते आणि लोक प्रमाणपत्र तपासणी बंद करायला धावतात. सेल बदलावा. त्याहून कपटी प्रकार म्हणजे आरसिंकचा. दोन ठिकाणच्या फाइली सारख्या ठेवणारा हा कार्यक्रम एरवी फाइल उघडून पाहत नाही. दोन्हीकडे आकार आणि बदलाची वेळ जुळली की ‘झाले’ म्हणून पुढे जातो. त्यात कोणी ‘फक्त नवीन असेल तरच’ हा अपडेटचा पर्याय लावलेला असेल आणि मागे पडलेल्या घड्याळाच्या संगणकावर दिवसभर काम झालेले असेल, तर ते काम पलीकडे जातच नाही. चूकही दिसत नाही.

आणखी एक ओळखीची खूण आहे. दोन्हीकडच्या वेळांत बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला, तर बिघाड कशात आहे हे वेगळे शोधायला नको. पेनड्राइव्हवर फाइली मांडण्याची फॅट पद्धत स्थानिक वेळ लिहून ठेवते, ती कुठल्या देशाची हे लिहीत नाही. नेटवर्क डिस्कने तीच वेळ ग्रीनिचची धरली की प्रत्येक फाइल ‘बदललेली’ ठरते आणि रोज रात्री सगळा साठा पुन्हा पाठवला जातो. टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ आहे ना, हे डिस्कच्या सेटिंगमध्ये पाहावे. फॅट सेकंदही दोन-दोनच्या टप्प्यात लिहिते, म्हणून आरसिंकला ‘मॉडिफाय-विंडो’ एक सेकंद द्यावी लागते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत यंत्रांची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितले आहे. लहान कार्यालयांनीही ते करावे. वेळ जुळवण्यासाठीचा यूडीपी १२३ हा पोर्ट (जोडणीचे दार) बाहेर जायला मोकळा असला की पुरते.

आता नावांविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण ही अडचण खास आपली आहे आणि इंग्रजी मदतपानांवर ती सापडत नाही.

‘किनाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘पुऱ्या’ या शब्दांतला आडवा र संगणकावर दोन तऱ्हांनी उमटतो. एका कीबोर्डवर तो नुक्ता (खालचा ठिपका) असलेल्या ‘ऱ’ला हलंत देऊन येतो, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक मिळून येतो. कागदावर दोन्ही सारखे. संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे आहेत. म्हणून एका फोल्डरमध्ये ‘किनाऱ्याचे सर्वेक्षण’ नावाचे दोन उपफोल्डर शेजारी शेजारी दिसतात, एकात मार्चपर्यंतचे काम, दुसऱ्यात नंतरचे, आणि माणूस सिंकला, म्हणजे फाइली जुळवणाऱ्या कार्यक्रमाला, शिव्या घालतो. मॅकच्या जुन्या एचएफएस-प्लस डिस्कने त्यात तिसरी भर घातली. ती ‘ऱ’ आल्यावर त्याचा साधा र आणि सुटा नुक्ता असे दोन तुकडे करून नाव साठवते. पोर्तुगीज आडनावे नीट चिन्हांसह लिहिणाऱ्यांनाही हाच अनुभव येईल, कारण डोक्यावर टिल्डे असलेला ‘ए’ आणि शेपटीचा ‘सी’ यांचेही तसेच तुकडे होतात. २०१७ पासून मॅकवर आलेली एपीएफएस पद्धत असे तुकडे करत नाही, पण जुन्या बाहेरच्या डिस्क अजून कपाटात आहेत. आरसिंकच्या ‘आयकॉन्व्ह’ या अक्षर-रूपांतराच्या पर्यायात मॅककडची बाजू ‘यूटीएफ-८-मॅक’ अशी सांगितली की तुकडे पुन्हा जुळतात. मात्र मॅकसोबत येणारा आरसिंक कितीतरी वर्षे २.६.९ वरच थांबलेला होता, त्यात हा पर्यायच नाही. तिसऱ्या मालिकेचा वेगळा बसवावा लागतो. न दिसणाऱ्या जोडकावर असा कोणताही पर्याय चालत नाही. तिथे एकच उपाय, कार्यालयात सर्वांनी एकच कीबोर्ड मांडणी वापरायची, आणि जुने फोल्डर हाताने एकत्र करायचे.

लांबीचेही तसेच. लिनक्सवर, आणि म्हणून बहुतेक नेटवर्क डिस्कवर, एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एक बाइट घेते, देवनागरीतली प्रत्येक खूण तीन. मात्रा, अनुस्वार, हलंत सगळे वेगळे मोजायचे. ‘श्री’ हे दिसायला एक अक्षर, पण त्यात श, हलंत, र आणि दीर्घ वेलांटी अशा चार खुणा, म्हणजे बारा बाइट. थोडक्यात आपल्याला ८५ खुणाच मिळतात. विंडोज मात्र बाइट मोजत नाही, तिथे देवनागरीच्याही २५५ खुणा चालतात. त्यामुळे ‘श्री देवस्थान समितीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त व हिशेब...’ असे मोठे नाव विंडोजवर निर्धास्त राहते आणि नेटवर्क डिस्कवर जाताना ‘नाव फार लांब’ म्हणून अडते. तीच फाइल, दोन न्यायाधीश. विंडोजची स्वतःची अडचण निराळी. तिथे फोल्डरांसकट पूर्ण वाट सहसा २६० खुणांच्या आत लागते, म्हणून फोल्डरात फोल्डर घालण्याची हौस आवरावी.

चिन्हांत कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, उभी रेघ, दुहेरी अवतरण, कोनी कंस आणि दोन्ही तिरप्या रेघा विंडोजला चालत नाहीत. ‘सभा १०:३०’ हे नाव लिनक्सवरून निघते आणि विंडोजच्या दारात थांबते. ‘फॉर्म १/१४’ (जमिनीचा उतारा) तर आपल्याकडे रोजचा. मॅक ते नाव खपवून घेतो, आतून मात्र तिरप्या रेघेऐवजी कोलन लिहून ठेवतो. ‘फॉर्म-१-१४’ लिहिले की प्रश्नच मिटला.

उघड्या फाइलींचा घोळ हिशेबाच्या कार्यालयांत जास्त. टॅलीचा डेटा म्हणजे एक फाइल नसते, परस्परांवर अवलंबून असलेल्या अनेक फाइली असतात. कार्यक्रम चालू असताना तो फोल्डर सिंकला लावला, तर काही फाइली पाच वाजताच्या आणि काही पाच वाजून दोन मिनिटांच्या अशी खिचडी पलीकडे पोचते. पलीकडे ती उघडत नाही, आणि दोष नेटवर येतो. कोणत्याही डेटाबेसला हाच नियम आहे. कार्यक्रमातूनच बॅकअप काढावा आणि ती तयार झालेली बॅकअप फाइल सिंक करावी, जिवंत फोल्डर नव्हे.

सिंकथिंग हा फाइली जुळवणारा कार्यक्रम वापरणाऱ्यांना नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख असलेल्या फाइली दिसतात. एकच फाइल दोन ठिकाणी बदलली गेली, एवढाच त्याचा अर्थ. ज्या प्रतीची बदलाची वेळ जुनी, तिला हे नाव मिळते, म्हणजे पुढे पळणाऱ्या घड्याळाचा संगणक नेहमी जिंकतो. न पाहता त्या फाइली पुसणे म्हणजे कोणाचे तरी दिवसभराचे काम पुसणे. याच कार्यक्रमाची ‘फोल्डर मार्कर मिसिंग’ (फोल्डरमधली खूण सापडत नाही) ही तक्रारही ऐकून घ्यावी. बाहेरची डिस्क सुटलेली असताना तो फोल्डर रिकामा दिसतो. मार्कर नसता तर कार्यक्रमाने ‘सगळे पुसले’ असे समजून पलीकडचेही पुसले असते. केबल पाहण्याआधी हाताने नवा मार्कर तयार करणाऱ्याने आपल्या हाताने राखणदार हाकलला.

आरसिंकच्या ‘डिलीट’ पर्यायाला असा राखणदार नाही. मूळ डिस्क जोडली गेली नाही आणि रात्रीचे काम वेळेवर सुरू झाले, तर रिकाम्या फोल्डरची हुबेहूब प्रत तयार होते. ‘मॅक्स-डिलीट’ला शंभर-दोनशेची मर्यादा घालावी, आणि हाताने चालवताना आधी ‘ड्राय-रन’ करून काय काय जाणार आहे ते वाचावे. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरपी रेघ असली तर आतला माल जातो, नसली तर फोल्डरसकट जातो. या एका रेघेपायी, ‘डिलीट’ जोडीला असताना, भलत्याच जागेचा माल पुसला जाऊ शकतो. अर्ध्यावर लाइट गेली तर ठिपक्याने सुरू होणारी तात्पुरती फाइल पलीकडे पडून राहते. मोठ्या फाइलींसाठी ‘पार्शल’ लावलेले असावे, म्हणजे जोडणी तुटली तरी आलेला भाग टाकून दिला जात नाही.

आकाराची बाब थोडक्यात. जत्रेतल्या नाटकाचे रेकॉर्डिंग सेकंदाला आठ मेगाबिटने केले तर तासाला ३.६ जीबी होते. फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर एक फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे सव्वा तासाच्या आत, दुसऱ्या अंकाच्या आसपास, कॉपी ‘फाइल फार मोठी’ म्हणते आणि ड्राइव्ह मात्र अर्धा रिकामा असतो. एक्सफॅटने फॉरमॅट करावा. त्यावर एसएसएचची खासगी किल्ली मात्र ठेवू नये. एक्सफॅटला मालकाच्या परवानग्या लिहिता येत नाहीत, त्यामुळे लिनक्सवर ‘किल्ली सगळ्यांना वाचता येते’ म्हणून एसएसएच ती नाकारतो. सर्व्हरवर ‘डॉट-एसएसएच’ फोल्डरला ७०० आणि आतल्या ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलला ६०० (फक्त मालकाला परवानगी) द्यावे. घरचा मुख्य फोल्डर इतरांना लिहिण्यास खुला असला तरी किल्ली चालत नाही. इथे ७७७ (सर्वांना सर्व परवानग्या) देणारे लोक नेमका बिघाड वाढवतात. विंडोजच्या सर्व्हरवर ॲडमिन खात्याची किल्ली वापरकर्त्याच्या फोल्डरात ठेवून चालत नाही, ती प्रोग्रामडेटामधल्या एसएसएच फोल्डरात वेगळ्या फाइलीत जाते. जुनी आरएसए किल्ली अचानक चालेनाशी झाली, तर ओपनएसएसएच ८.८ पासून शा-१ सहीची जुनी पद्धत बंद झाली आहे हे लक्षात घ्यावे. बहुतेकदा बदलायला हवा तो जुना क्लायंट किंवा जुना सर्व्हर, किल्ली तीच चालते. नवी करायचीच असेल तर एड२५५१९ प्रकारची करावी.

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यावर अनेक जुन्या नेटवर्क डिस्क दिसेनाशा झाल्या. तिला सही केलेली एसएमबी जोडणी हवी असते, आणि प्रो आवृत्तीत पासवर्डाविना पाहुणा म्हणून शिरता येत नाही. डिस्कचे फर्मवेअर अद्ययावत करून एसएमबी-३ आणि सही चालू करावी, पासवर्ड असलेले खाते उघडावे. एसएमबी-१ परत आणू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तो त्याच दारातून.

वेगाची तक्रार करण्याआधी आकडेमोड करावी. सेकंदाला २० मेगाबिट अपलोड असेल तर ४० जीबीला साधारण साडेचार तास लागणारच. पण कार्यालयातल्या कार्यालयातही गती अकरा-बारा मेगाबाइटवर अडकत असेल, तर नेटवर्कच्या स्थितीत ‘१०० एमबीपीएस’ दिसते का ते पाहावे. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात, शंभरला चार पुरतात. आपल्या खाऱ्या, दमट हवेत जॅकच्या पिना हिरव्या पडतात, एक तार सुटते आणि जोडणी गुपचूप खालच्या गतीवर उतरते. टोक कापून नवा जॅक क्रिंप करावा.

लॉगिन होते, फाइलींची यादी दिसते, पण मोठी फाइल शून्यावरच थांबते, असे असेल तर पॅकेटचा, म्हणजे डेटाच्या एका गठ्ठ्याचा, कमाल आकार तपासावा. पीपीपीओई (राउटरने लॉगिन करण्याच्या) पद्धतीच्या फायबर लाइनवर तो १४९२ असतो, १५०० नव्हे. विंडोजच्या पिंगमध्ये ‘तुकडे करू नका’ हा पर्याय लावून आधी १४७२ आणि मग १४६४ बाइट पाठवावे. पहिले अडले आणि दुसरे गेले, तर राउटरच्या डब्ल्यूएएन (बाहेरच्या जोडणीच्या) भागात एमटीयू, म्हणजे हाच कमाल आकार, १४९२ करावा. व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी जोडणी) असेल तर आणखी कमी. वायरगार्ड हा व्हीपीएन साधारणपणे १४२० धरतो. काही मिनिटे शांत राहिल्यावर जोडणी तुटत असेल तर एसएसएचच्या सेटिंगमध्ये ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ ३० सेकंद ठेवावा.

फाइल पोचली हे ठरवायचे कसे? हिरव्या खुणेवरून नव्हे. वनड्राइव्हमध्ये निळसर ढगाचे चिन्ह असलेली फाइल आपल्या डिस्कवर नसतेच, फक्त तिचे नाव असते, आणि नेट नसताना तिचा बॅकअप घ्यायला गेलात तर हाती काही लागत नाही. खात्रीचा मार्ग शा-२५६ ठसा, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेली तिची ओळख. विंडोजवर ‘सर्टयूटिल’, लिनक्सवर ‘शा२५६सम’ चालवले की ६४ अक्षरी-आकडी ओळ मिळते, ती दोन्हीकडे सारखी आली की फाइल सारखी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र या कसोटीला कधीच उतरणार नाही, कारण ते वाटेत आकसते आणि त्यातली जागा-वेळेची नोंदही जाते. सर्वेक्षणाचा फोटो निदान डॉक्युमेंट म्हणून तरी पाठवावा.

सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांना एक विनंती. नकाशे, निविदा, हिशेब मागवताना साधा एफटीपी आणि पोर्ट २१ देऊ नका. त्यात पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. पोर्ट २२ वरचा, एसएसएचवर चालणारा एसएफटीपी द्या. सूचनापत्रकात सर्व्हरच्या पत्त्याखाली त्याच्या किल्लीचा ठसा छापा आणि फाइल मिळाल्याच्या पोचपावतीवर तिचा शा-२५६ ठसा द्या. एवढ्या दोन ओळी पत्रकात आणि पावतीवर आल्या, तर काणकोणातून फाइल पाठवणाऱ्याला ती खरेच पोचली का हे विचारायला पणजीची बस धरावी लागणार नाही.

आपला,
एक वाचक, फोंडा – गोवा